प्लाझ्मा एक्स्चेंज चालू असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध का, आणि त्याची ट्रायल कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीला टीटीपी, म्हणजे थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा हा सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणारा रक्तविकार, असल्याचे निदान झाले. रोज प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, काढून त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा देणे) आणि स्टेरॉइड सुरू आहेत, प्लेटलेट वाढू लागल्या आहेत, आणि आता डॉक्टरांनी एका क्लिनिकल ट्रायलचे संमतिपत्र समोर ठेवले आहे. त्या ट्रायलमध्ये निम्म्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारे आणखी एक औषध मिळेल आणि उरलेल्यांना मिळणार नाही. तुम्ही विचारता की एक्स्चेंजने गुण येत असताना आणखी औषध कशाला, आणि ते औषध खरोखर उपयोगी असेल तर ते सगळ्यांनाच का देत नाहीत.

मी रक्तविकारांवर उपचार करते आणि माझ्या कामाचा मोठा भाग एक्स्चेंजच्या यंत्राशेजारी जातो, म्हणून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला नेहमी विचारला जातो. तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे असे वाटत असले, तरी त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला शरीराविषयीचा आहे: दोन उपचार एकाच वेळी का लागतात. दुसरा ज्ञानाविषयीचा आहे: डॉक्टरांना नक्की काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही. पहिल्याचे उत्तर नीट समजले की दुसऱ्यातली भीती बरीच कमी होते.

बहिणीला न तपासता तिने सही करावी की नाही हे मी सांगू शकत नाही. ते ठरवताना आजार प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडींमुळे) झालेला आहे की जन्मजात आहे, उपचारांपूर्वीच्या नमुन्यात ॲडॅम्ट्स-१३ हे रक्तातले एन्झाइम किती होते, हिपॅटायटिस बीचा संसर्ग कधी होऊन गेला आहे का, ती गरोदर आहे का, मेंदूवर किंवा हृदयावर परिणाम झाला आहे का, आणि ट्रायलच्या प्रत्येक गटाला नेमके काय मिळणार आहे, या सगळ्यांचा विचार करावा लागतो. जन्मजात प्रकारात तर प्रतिकारशक्ती दाबण्याचा उपयोगच नाही, कारण तिथे प्रतिपिंडे नसतात. एन्झाइमच मुळात कमी बनत असते आणि बाहेरून ते पुरवणे हाच उपाय असतो. पुढचे सारे विवेचन प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या प्रकाराविषयी आहे आणि मोठ्या माणसांत बहुतेक वेळा तोच आढळतो.

आता आजाराकडे वळू. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचे लांबच लांब प्रथिन बाहेर पडते आणि प्लेटलेट त्याला चिकटतात. ॲडॅम्ट्स-१३ हे एन्झाइम त्या लांब धाग्यांचे तुकडे करून त्यांचा चिकटपणा मर्यादेत ठेवते. टीटीपीमध्ये शरीर याच एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्याची क्रिया १० टक्क्यांच्या खाली जाते, धागे अखंड राहतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या साचतात. प्लेटलेट अशा खर्ची पडल्याने त्यांची संख्या बहुधा ३०,००० च्याही खाली येते, अरुंद झालेल्या वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांचा रक्तपुरवठा अडतो. या आजाराचे पहिले वर्णन एली मॉश्कोविट्झ यांनी १९२४ मध्ये एका १६ वर्षांच्या मुलीच्या संदर्भात केले. पुढची कित्येक दशके शंभरातले सुमारे नव्वद रुग्ण दगावत होते. कारण प्रतिपिंडांत आहे हे स्पष्टपणे मांडणारे संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एन्झाइमला हे नाव २००१ मध्ये मिळाले.

म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज उपयोगी ठरला तेव्हा तो का उपयोगी ठरतो हे कोणाला नीट माहीत नव्हते. १९९१ मध्ये कॅनडातील गटाने १०२ रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून ५१ जणांना एक्स्चेंज दिला आणि ५१ जणांना नुसता प्लाझ्मा चढवला. सहा महिन्यांनी एक्स्चेंजच्या गटात ११ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात १९. तुमच्या प्रश्नाशी या अभ्यासाचा थेट संबंध आहे, कारण नुसता प्लाझ्मा देणे हा त्या वेळी प्रचलित उपचार होता आणि तो पुरेसा आहे असे मानणारे चांगले डॉक्टर होते. विभागणी करून तुलना झाली नसती, तर हा फरक कित्येक वर्षे कुणाच्या लक्षात आला नसता.

एक्स्चेंज दोन कामे करतो. दात्यांच्या प्लाझ्मातून तो ॲडॅम्ट्स-१३ आणून देतो आणि रुग्णाच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडे काही प्रमाणात बाहेर काढतो. शरीरातल्या एकूण प्लाझ्माइतके आकारमान एकदा बदलले की रक्तवाहिन्यांत असलेल्या पदार्थाचा साधारण ६३ टक्के भाग निघतो, दीडपट बदलले तर सुमारे ७८ टक्के. हे आकडे ऐकून नातेवाइकांना वाटते की तीन-चार दिवसांत प्रतिपिंडे संपायला हवीत. तसे होत नाही, कारण या जातीच्या प्रतिपिंडांचा निम्म्याहून अधिक साठा रक्तवाहिन्यांबाहेर, ऊतींमध्ये असतो आणि तो पुन्हा रक्तात उतरतो. शिवाय ती बनवणाऱ्या पेशींना एक्स्चेंजचा काहीच त्रास होत नाही. विहिरीतले पाणी उपसत राहिले तरी झरा चालू असतो, तशी ही स्थिती आहे. काही रुग्णांत तर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात, रोज एक्स्चेंज चालू असतानाच, प्रतिपिंडांचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढलेले दिसते आणि सुधारत आलेल्या प्लेटलेट पुन्हा घसरतात. बाहेरून दिलेले ॲडॅम्ट्स-१३ निरोगी शरीरात दोन-तीन दिवस टिकले असते. प्रतिपिंडे असलेल्या शरीरात ते त्याहून लवकर निष्प्रभ होते.

म्हणून मी कुटुंबीयांना सांगते की एक्स्चेंज आपल्याला दिवस मिळवून देतो आणि त्या दिवसांत प्रतिकारशक्तीवरच्या औषधाला आपले काम करायचे असते. दोघांची गती वेगळी आहे. एक्स्चेंजचा परिणाम काही दिवसांत प्लेटलेटच्या आकड्यात दिसतो. स्टेरॉइडचा परिणाम काही दिवस ते काही आठवडे घेतो. रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी पेशी नष्ट करते, पण आधीच तयार झालेल्या प्रतिपिंडांना ते हात लावत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला सहसा १० ते १४ दिवस लागतात. प्लेटलेट वाढल्या की आजार गेला, असे म्हणता येत नाही ते याच कारणाने. त्या वाढल्या म्हणजे धोका तूर्त मागे हटला. ॲडॅम्ट्स-१३ स्वतःच्या बळावर परतले की मगच मूळ कारण शमले असे म्हणता येते.

या गोष्टीचा सर्वांत स्पष्ट पुरावा वेगळ्याच औषधाच्या ट्रायलने दिला. कॅप्लासिझुमॅब हे औषध प्रतिकारशक्तीला स्पर्शही करत नाही. ते प्लेटलेटना व्हॉन विलेब्रँड फॅक्टरला चिकटू देत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्क्युलिस या ट्रायलमध्ये १४५ रुग्ण होते आणि सर्वांना एक्स्चेंज व प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार मिळाले होते. आजाराने पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण कॅप्लासिझुमॅबच्या गटात १२ टक्के आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली मात्रेच्या) गटात ३८ टक्के होते. मात्र औषध थांबवल्यानंतरच्या काळात ज्यांचा आजार उलटला, त्यांचे ॲडॅम्ट्स-१३ उपचार संपताना १० टक्क्यांच्या खालीच राहिलेले होते. गुठळी रोखली गेली होती, पण प्रतिपिंडे तशीच होती. प्रतिकारशक्तीवरचा उपचार का टाळता येत नाही हे मला याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

येथपर्यंतचे एका वाक्यात सांगायचे तर, एक्स्चेंज आजचा धोका टाळतो, प्रतिकारशक्तीवरचे औषध येत्या महिन्यांतला धोका कमी करण्यासाठी असते, आणि दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केली तरी त्यांची फळे वेगवेगळ्या वेळी मोजावी लागतात. आता दुसरा प्रश्न: उपयोगी आहे तर सगळ्यांना का नाही?

औषध तर्काला धरून असणे आणि ते रुग्णाला उपयोगी पडणे यांत अंतर असते, आणि टीटीपीच्या बाबतीत ते अंतर आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. सायक्लोस्पोरिनचे उदाहरण घ्या. ते प्रतिकारशक्ती दाबते यात शंका नाही, आणि एक्स्चेंजसोबत ते दिल्यास फायदा होतो असे थोड्या रुग्णांच्या अनुभवावरून वाटत होते. मग एक्स्चेंजच्या जोडीला सायक्लोस्पोरिन की प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अशी विभागणी करून ट्रायल झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. २६ रुग्णांनंतरच ती थांबवावी लागली, कारण प्रतिपिंडे दाबण्यात आणि ॲडॅम्ट्स-१३ वाढवण्यात साधे, जुने, स्वस्त प्रेडनिसोनच सरस ठरत होते. ही तुलना झाली नसती, तर अधिक महागडे आणि मूत्रपिंडांना जपून द्यावे लागणारे औषध अधिक चांगले समजून आम्ही देत राहिलो असतो.

स्टेरॉइडबद्दलही असेच आहे. ते सर्वत्र दिले जाते, तरीही किती द्यावे याचा पुरावा अगदी थोडा आहे. इटलीतील ६० रुग्णांच्या अभ्यासात, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, एक्स्चेंजच्या जोडीला नेहमीच्या मात्रेऐवजी सुरुवातीचे तीन दिवस खूप मोठी मात्रा दिल्यावर पहिल्या २३ दिवसांत पूर्ण सुधारणा न झालेल्यांचे प्रमाण ५३ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. माझ्या मते हा निकाल महत्त्वाचा आहे, पण एवढ्याशा संख्येवरून प्रत्येकाला मोठी मात्रा द्यावी असे मी म्हणणार नाही, विशेषतः ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याच्या अंगात संसर्ग आहे त्याला.

रिटुक्सिमॅबची कहाणी सर्वांत बोधप्रद आहे. ब्रिटनमधील ४० रुग्णांच्या अभ्यासात, जो २०११ मध्ये आला, दाखल झाल्यापासून तीन दिवसांच्या आत एक्स्चेंज व स्टेरॉइडसोबत रिटुक्सिमॅब आठवड्यातून एकदा असे चार वेळा दिले गेले. पुढे आजार उलटण्याचे प्रमाण १० टक्के होते. पूर्वी या औषधाशिवाय उपचार झालेल्या रुग्णांत ते ५७ टक्के होते. फरक मोठा आहे, पण तुलना जुन्या नोंदींशी आहे, आणि मधल्या वर्षांत निदान, शुश्रूषा, प्लाझ्माची गुणवत्ता हे सारेच सुधारलेले असते. नीट विभागणी करून हाच प्रश्न सोडवण्यासाठी अमेरिकेत स्टार नावाची ट्रायल आखली गेली: सर्वांना एक्स्चेंज आणि स्टेरॉइड, आणि निम्म्यांना त्यावर रिटुक्सिमॅब. पुरेसे रुग्णच न मिळाल्यामुळे ती लवकर बंद करावी लागली.

रुग्ण का मिळत नाहीत हे समजले तर ट्रायलचे मोल समजेल. टीटीपी वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण २ ते ६ जणांना होतो. म्हणजे एक कोटी वस्तीत वर्षाला २० ते ६० रुग्ण, तेही अनेक रुग्णालयांत विखुरलेले. आजार उलटण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते का हे खात्रीने ओळखायचे असेल, तर गणिताप्रमाणे प्रत्येक गटात सुमारे १२० रुग्ण लागतात. त्यातच रुग्ण येतो तो रात्री-अपरात्री, कधी भ्रमिष्ट अवस्थेत, आणि एक्स्चेंज काही तासांत सुरू करायचा असतो. सविस्तर संमती घ्यायला वेळ आणि शुद्ध दोन्ही अपुरी असतात. आणि औषध बाजारात उपलब्ध असेल, तर अनेक डॉक्टरांना चिठ्ठीवर विसंबणे नकोसे वाटते. मला तो संकोच समजतो, कारण समोरचा रुग्ण तरुण असतो आणि घरचे आशेने पाहत असतात. तरीही त्याची किंमत पुढच्या रुग्णांना मोजावी लागते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दिलेल्या मार्गदर्शनात एक्स्चेंजसोबत स्टेरॉइड द्यावे ही शिफारस ठाम आहे, तर रिटुक्सिमॅब जोडावे ही शिफारस सशर्त आहे, आणि पुराव्याचा हा तुटवडा हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

म्हणून ‘निम्म्यांना मिळणार नाही’ या शब्दांनी घाबरण्यापूर्वी, न मिळणाऱ्यांना काय मिळते ते वाचा. प्रत्येक गटाला रोजचा एक्स्चेंज आणि स्टेरॉइड पूर्ण मात्रेत मिळणार आहे का? आजार बळावला किंवा उलटला, तर दुसऱ्या गटातील रुग्णाला ते औषध देण्याची मुभा आहे का? ती आहे असे लिहिलेले असेल, तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी हरकत दूर होते. ज्या रुग्णालयात रिटुक्सिमॅब पहिल्या दिवसापासून सर्वांना दिले जाते, तिथे मात्र ते एका गटाला नाकारणारी ट्रायल असेल तर मी नक्की कारण विचारेन. आज अनेक ठिकाणी प्रश्न ‘द्यावे की नाही’ याऐवजी ‘किती मात्रेत, किती लवकर’ किंवा ‘याला दाद न देणाऱ्यांना दुसरे काय’ असा झाला आहे, आणि तुमच्या बहिणीची ट्रायल यांतली कोणती आहे हे पहिल्याच पानावरून कळायला हवे.

त्यानंतर ट्रायल काय मोजणार आहे ते पाहा. फक्त प्लेटलेट १,५०,००० च्या वर जायला किती दिवस लागले हे मोजणारी ट्रायल एक्स्चेंजचेच यश मोजत राहील. प्रतिकारशक्तीवरच्या औषधाची खरी परीक्षा तीन ठिकाणी होते: एक्स्चेंज थांबवल्यानंतर ३० दिवसांच्या आत आजार परततो का, त्यानंतरच्या महिन्यांत व वर्षांत उलटतो का, आणि ॲडॅम्ट्स-१३ किमान २० टक्क्यांपर्यंत, शक्यतो सामान्य पातळीपर्यंत येते का. पाठपुरावा एक वर्षाहून कमी असेल तर रिटुक्सिमॅबसारख्या औषधाबद्दल फारसे कळणार नाही. बी पेशी साधारण सहा महिने ते वर्षभरात परततात, आणि काही रुग्णांत संरक्षण त्यांच्यासोबतच ओसरू लागते.

दोन्ही उपचार एकत्र देताना वेळेचे गणित फार जपावे लागते, आणि हे संमतिपत्रात क्वचितच नीट लिहिलेले असते. रिटुक्सिमॅब स्वतःच एक प्रतिपिंड आहे, आणि एक्स्चेंज त्यात व इतर प्रतिपिंडांत भेद करत नाही. औषध दिल्यावर लगेच एक्स्चेंज केला तर त्याचा मोठा भाग टाकाऊ पिशवीत जातो. म्हणून ते एक्स्चेंज संपल्यानंतर लगेच द्यायचे आणि पुढचा एक्स्चेंज किमान चार तास, जमेल तेव्हा १८ ते २४ तास, लांबवायचा अशी पद्धत आहे. रुग्ण नाजूक अवस्थेत असेल तर इतके थांबणे शक्य नसते, आणि मग काही औषध वाया जाईल हे स्वीकारावे लागते. पहिल्या मात्रेच्या वेळी थंडी, ताप, रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात, आणि दात्यांच्या प्लाझ्मानेही तसेच त्रास होतात. दोन्ही एकापाठोपाठ दिले की दोष कोणाचा हे ठरवणे अवघड जाते. म्हणून मी परिचारिकांना प्रत्येक लक्षणाची वेळ मिनिटासह लिहायला सांगते.

धोक्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सांगायला हवे. रिटुक्सिमॅबमुळे दबलेला हिपॅटायटिस बी पुन्हा जागा होऊ शकतो आणि यकृत निकामी करू शकतो, म्हणून औषधापूर्वी त्याची तपासणी अनिवार्य आहे. ही तपासणी आणि ॲडॅम्ट्स-१३ यांचे नमुने पहिल्या एक्स्चेंजपूर्वीच घेतलेले असावेत. दात्यांच्या प्लाझ्मातून आलेली प्रतिपिंडे हिपॅटायटिसचा अहवाल खोटा होकारार्थी दाखवू शकतात, आणि दात्यांचे एन्झाइम ॲडॅम्ट्स-१३ चा आकडा फुगवते. बहिणीचे नमुने कधी घेतले हे आजच विचारा. औषधानंतर काही महिने लसींचा परिणाम कमी होतो, जिवंत विषाणूंच्या लसी टाळाव्या लागतात, आणि स्टेरॉइडसोबत संसर्गाचा धोका वाढतो. गरोदरपणाचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा, कारण त्या काळात टीटीपी उलटण्याची भीती असते आणि औषधांचे वेळापत्रक त्यानुसार बदलावे लागते.

माझ्या रुग्णाबाबत मी काय करते, तेही सांगते. निदानाची शक्यता दाट असली तर अहवालाची वाट न पाहता एक्स्चेंज आणि स्टेरॉइड सुरू करते. ॲडॅम्ट्स-१३ १० टक्क्यांच्या खाली आहे हे निश्चित झाले आणि हिपॅटायटिसची तपासणी ठीक आली, की रिटुक्सिमॅब लवकर जोडण्याकडे माझा कल असतो, विशेषतः मेंदू किंवा हृदय बाधित असेल किंवा आजार पूर्वी उलटलेला असेल तर. चांगली आखलेली ट्रायल उपलब्ध असेल, तर मी ती रुग्णापुढे मनापासून ठेवते आणि नकार आला तर त्याचा उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही हे आधी सांगते. तुमच्या बहिणीलाही हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे. सही केल्यावरही ती कधीही बाहेर पडू शकते.

एक गोष्ट मात्र ट्रायलमध्ये असो वा नसो, सारखीच लागू आहे. घरी गेल्यावर ॲडॅम्ट्स-१३ ची तपासणी पहिले तीन महिने दर महिन्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी, आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी करत राहावी लागते. प्लेटलेट उत्तम असतानाही हे एन्झाइम घसरू लागले, तर लक्षणे येण्यापूर्वीच प्रतिकारशक्तीवरचे औषध देऊन बऱ्याचदा पुढचा झटका टाळता येतो. ट्रायल चालू असेपर्यंत या तपासण्या सहसा ट्रायलच्याच खर्चात आणि वेळापत्रकात बसलेल्या असतात. ट्रायलचा पाठपुरावा संपल्यानंतर त्या कोण करवून घेणार आणि अहवाल कोण पाहणार, हे सही करण्यापूर्वी विचारून लिहून घ्या.